सातव्या मजल्यावरून सोसायटीच्या कमिटीला खुलं पत्र

मा. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांना,

सप्रेम नमस्कार.

नव्या नियमावलीबद्दलचं हे पत्र मी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच लिहिणार होते. दोन जुलैला लिहायला बसलेही. तर खाली बारीक अक्षरांत आलं की इथे आता फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. ऑफिसबाहेरच्या तक्रारपेटीत टाकावं म्हटलं, तर पेटीला कुलूप आणि किल्ली कुणाकडे आहे ते वॉचमनलाही ठाऊक नाही. दोन महिने तुमच्यापैकी एकेकाला जिन्यात, गेटवर, गणपतीच्या मांडवात गाठून बोलून पाहिलं. प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं. म्हणून आता हे उघड्यावर.

सोसायटीचं नाव घालत नाही, माणसांचीही नाही. डोंबिवलीत आपल्यासारख्या दोन विंगांच्या, सात मजल्यांच्या इमारती ढिगानं आहेत. कुणाची बेअब्रू करायची नाही मला. शिवाय आपल्याकडे जे चाललंय ते फक्त आपल्याकडेच चाललंय असंही नाही.

मी कोण ते तुम्हाला माहीत आहे, पण नवीन मंडळींसाठी सांगते. १९९८ साली सोसायटी झाली तेव्हापासूनची मी सभासद. आधी गिरगावात, चाळीत. चौऱ्याऐंशी घरांपैकी मूळ मालक आता जेमतेम पंचवीस उरलेत, त्यातली एक. पाच वर्षं सेक्रेटरी होते, त्यामुळे सोसायटी चालवणं म्हणजे काय जाच असतो हे मला कळतं. रात्री साडेबाराला पंप बंद पडतो, लोक दार वाजवतात, बिल वाढलं की तुम्हीच चोर. फुकटची नोकरी आहे ती. तुम्ही ती करता याबद्दल मनापासून आभार, आणि हे मी पत्राच्या सुरुवातीची रीत म्हणून लिहीत नाही.

तर मुद्दा. २९ जूनच्या रात्री अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी ग्रुपवर 'शिस्तपालन नियमावली' आली. बारा कलमं, प्रत्येकासमोर दंडाची रक्कम, आणि खाली 'दि. १ जुलैपासून अंमलबजावणी'. मधे एक दिवस, तोही सोमवार. सकाळी तोच कागद लॅमिनेट होऊन लिफ्टशेजारी लागला होता. दंड भरायची मुदत सात दिवस. नियम वाचायची मुदत जेमतेम चोवीस तास.

हे बारा नियम ठरवले कुणी?

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधलं ७२ वं कलम जेमतेम चार ओळींचं आहे. त्याचा अर्थ एवढाच, की संस्थेचा अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. त्याच्या पुढच्या ७३ व्या कलमात कमिटी येते, आणि ती येते कारभार पाहायला. क्रम लक्षात घ्या, आधी आपण सगळे, मग तुम्ही. उपविधींत, म्हणजे संस्थेच्या नोंदलेल्या नियमांत, बदल करायचा तर तो सर्वसाधारण सभेत मंजूर व्हावा लागतो, आणि त्यानंतरही सहकार खात्याच्या निबंधकांकडे त्याची नोंदणी होईपर्यंत १३ व्या कलमाप्रमाणे तो लागू होत नाही. दंडाचंही तसंच. कुठल्या चुकीला किती दंड हे आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सरकारी नमुन्याच्या नियमांप्रमाणे, सर्वसाधारण सभेनं ठरवायचं, आणि लावण्यापूर्वी सभासदाला कारणे दाखवा नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकायचं. गेल्या सप्टेंबरच्या एजीएमचा, म्हणजे वार्षिक सभेचा, अजेंडा माझ्या फायलीत आहे. हिशेब, ऑडिटरची नेमणूक, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरचा रंग. बारा नियमांचा त्यात मागमूस नाही. रंगाची छटा निवडायला आपण पाऊण तास घातला होता, हे मला चांगलं आठवतंय. आणि कोणी लिफ्टनं यावं, कोणी जिन्यानं, हे ठरवायला सभाही लागली नाही!

यात दोष एकट्या तुमचा नाही. एजीएमला गणसंख्येअभावी अर्धा तास तहकुबी, मग बावीस माणसं, त्यातली निम्मी बटाटावडा आला की जिना चढणारी. दरवर्षी हेच. लोक येत नाहीत म्हणून तुम्ही चौघांत ठरवायला लागलात, आणि तुम्ही चौघांत ठरवता म्हणून लोक येत नाहीत. मी स्वतः दोन वर्षं गेले नव्हते, गुडघ्याचं निमित्त सांगून.

आता सातव्या कलमाबद्दल. मला झोप लागली नाही ती त्याच्यामुळे.

'घरकाम करणाऱ्या बायका, ड्रायव्हर, कचरा नेणारे व डिलिव्हरी बॉय यांनी मोठ्या लिफ्टचा वापर करू नये. लहान लिफ्ट बंद असल्यास जिन्याचा वापर करावा. दंड रु. ५००.'

ए विंगची लहान लिफ्ट ११ जूनपासून बंद आहे, म्हणजे नियम लिहिला गेला तेव्हा ती बंद पडून अठरा दिवस झाले होते. लिहिणाऱ्याला हे माहीत नसेल असं मी मानत नाही, कारण लिहिणारे ए विंगमध्येच राहतात. तेव्हा या नियमाचा सरळ अर्थ एकच, की या माणसांनी सात मजले चढून जावं.

माझ्याकडे मावशी कामाला येतात त्याला एकोणीस वर्षं झाली. वयानं माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, गुडघे मात्र माझ्याहून दहा वर्षांनी म्हातारे, कारण त्या ते वापरतात. सकाळी आठला येतात. तीन जुलैला त्या आल्या, दारात चपला काढल्या आणि ओट्याकडे जायच्या ऐवजी भिंतीला टेकून फरशीवरच बसल्या. "पावसानं दम लागला," म्हणाल्या. चार जुलैला तेच. मला काहीच कळलं नाही, मी मेली चहा ठेवून मोकळी झाले. सातव्या दिवशी वॉचमनकडून कळलं की मावशींना जिन्यानं पाठवायची ऑर्डर आहे. त्यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुमच्या सोसायटीचा नियम आहे ना, मला वाटलं तुम्हाला ठाऊक असणार."

हे वाक्य मी तुमच्यापर्यंत जसंच्या तसं पोचवते आहे. तुमच्या सोसायटीचा नियम. तुम्हाला ठाऊक असणार.

त्या दिवशी मी जिना मोजला. तळमजल्यापासून माझ्या दारापर्यंत एकशे चाळीस पायऱ्या. ए विंगमधल्या तीन घरी त्या काम करतात, दोन वेळा येणं-जाणं होतं. बाकीचा गुणाकार तुम्ही करा. तुमच्यात दोन इंजिनीअर आहेत.

दुसऱ्या दिवसापासून मी खाली जाऊन मावशींबरोबर मोठ्या लिफ्टनं वर यायला लागले. तीनदा आलो. तिन्ही वेळा सीसीटीव्हीत दिसलो म्हणे. ऑगस्टच्या बिलात 'इतर' या रकान्यात पंधराशे रुपये आले, कुठलीही नोटीस न देता. मी मेंटेनन्स पूर्ण भरला आणि दंड सोडला. सप्टेंबरच्या बिलात त्या पंधराशेवर वर्षाला २१ टक्क्यांच्या हिशेबानं एका महिन्याचं व्याज आलं, सव्वीस रुपये पंचवीस पैसे. २१ टक्के सरळव्याज ही थकबाकीवरच्या व्याजाची उपविधींतली कमाल मर्यादा आहे. ज्या दंडाला ठराव नाही त्यावर कमाल दरानं व्याज! खजिनदारांच्या नेकीबद्दल मला शंका नाही, पंचवीस पैसेसुद्धा सोडले नाहीत त्यांनी.

मी सेक्रेटरींना भेटले. ते मला काकू म्हणतात, त्यांच्या मुंजीचं जेवण मी जेवलेय. ते म्हणाले, "काकू, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? हा नियम तुमच्यासाठी नाही हो, त्यांच्यासाठी आहे."

तेच तर. नियम त्यांच्यासाठी आणि त्यांना विचारलं नाही. दंड माझ्या बिलात आणि मलाही विचारलं नाही.

नियमामागची कारणंही मी ऐकून घेतली. सकाळी आठ ते नऊ लिफ्टला रांग लागते, ऑफिसला जाणाऱ्यांची लोकल चुकते. हे खरं आहे, नाकारत नाही. त्यावर उपाय लहान लिफ्ट दुरुस्त करणं हा आहे. लिफ्टचा देखभाल-खर्च आदर्श उपविधींप्रमाणे सगळ्या सभासदांवर सारखा वाटला जातो, आणि आपण चौऱ्याऐंशी घरं बंद लिफ्टचेही पैसे भरतोय. दुसरं कारण, सुरक्षितता. कामाला येणाऱ्यांची नोंद ठेवा, ओळखपत्र द्या, माझी काहीच हरकत नाही. पण जी बाई माझ्या घराची किल्ली बाळगते ती लिफ्टमध्ये धोकादायक आणि जिन्यात सुरक्षित, हे गणित मला जमत नाही. तिसरं कारण एका सदस्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. वास येतो. शनिवारी संध्याकाळी बाजारातून मासळीची पिशवी घेऊन त्याच लिफ्टनं आपण सगळे येतो, तो वास मग सातव्या मजल्यापर्यंत सोबतीला असतो. त्याबद्दल नियमावलीत कलम दिसलं नाही.

कडक शब्द मला वापरायचे नाहीत. एवढंच आठवण करून देते, की कोणी कुठल्या पाण्याला हात लावायचा, कुठल्या वाटेनं यायचं, याचे नियम महाराष्ट्रात पहिल्यांदाच लिहिले जात नाहीयेत. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय झालं ते आपण मुलांना शाळेच्या पुस्तकातून वाचून दाखवतो. १४ एप्रिलला आपल्याच गेटवर कमिटीच्या नावानं बॅनर लागतो. आणि गेटच्या आत वीस पावलांवर सातवं कलम.

चाळीच्या नावानं गळा काढायचा नाही मला. तिथंही आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईचा कप वेगळा होता, मोरीच्या कट्ट्यावर उपडा ठेवलेला. माझ्या सासूबाईंनी ठेवला होता आणि मी तो तसाच चालू दिला. फक्त तेव्हा त्याची नोटीस लावायची कुणाला लाज वाटली असती.

आणखी एक कबुली इथेच देऊन टाकते, कारण ती दिल्याशिवाय तुम्हाला जाब विचारण्याचा मला हक्क नाही. २००४ साली मी सेक्रेटरी असताना पार्किंगमधून एक स्कूटर चोरीला गेली. आम्ही चौघं जण माझ्याच घरी चहाला बसलो आणि ठरवून टाकलं, 'ड्युटीवर असताना वॉचमनने खुर्चीवर बसू नये.' सभा नाही, ठराव नाही. अक्षर चांगलं म्हणून नोटीस मी लिहिली. खुर्ची उचलून मीटर रूममध्ये ठेवली. तेव्हाचे वॉचमन पन्नाशी ओलांडलेले, बारा-बारा तास उभे. चोरी झाली होती रात्री, मागच्या बाजूनं, आणि त्या रात्री ते उभेच होते, हेही आम्हाला माहीत होतं. नोटीस पाच वर्षं तिथं होती. ती कुणी काढली नाही, रंगकामात फळा निघाला तेव्हा आपोआप गेली. तोवर वॉचमन गावाला निघून गेले होते. शेवटची दोन वर्षं पायाला क्रेप बँडेज गुंडाळून यायचे. मी रोज त्यांच्यासमोरून जायचे आणि ते मला नमस्कार करायचे. ती नोटीस मागे घेऊ, असं पाच वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नाही. वाईट हेतू नव्हता हो आमचा. तुमचाही नसेल. पण कागद एकदा भिंतीवर लागला की हेतूला कोण विचारतो?

बाकीच्या कलमांकडे येते.

भाडेकरू. आपल्याकडे एकोणतीस घरं भाड्यानं आहेत. चौथ्या कलमानं 'बॅचलर' भाडेकरूंना बंदी, आणि असलेल्यांना रात्री दहानंतर आत येताना रजिस्टरमध्ये कारण लिहायचं. पाचव्या मजल्यावरच्या दोघी मुली नर्स आहेत. त्यांची दुपारची पाळी संपवून घरी यायला साडेदहा होतात. रोज रात्री त्या 'कारण' या रकान्यात 'नोकरी' लिहितात. मागच्या आठवड्यात मी रजिस्टर चाळलं, सलग एकोणीस ओळींत 'नोकरी, नोकरी, नोकरी'. शेजारच्या ओळींत मालकांची मुलं मध्यरात्री दीड वाजता आलेली असतात, ती मात्र कुठेच नाहीत, कारण त्यांना लिहायचं नाही.

आणि 'एनओसी फी', म्हणजे ना-हरकत पत्राचे पैसे, दर अकरा महिन्यांनी पाच हजार, शिवाय भाडेकरूची कमिटीसमोर मुलाखत, हे कुठल्या आधारावर? घर भाड्यानं देताना सभासदानं सोसायटीला आगाऊ कळवायचं, लिव्ह अँड लायसन्सच्या कराराची आणि पोलिसांना कळवल्याची प्रत द्यायची, असं आदर्श उपविधी सांगतात. मुलाखतीचं त्यात नाही. उरला मालकाकडून घेतला जाणारा बिनवापर आकार, म्हणजे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. त्याबद्दल १ ऑगस्ट २००१ चा शासन निर्णय आहे, तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं २००७ मध्ये तो कायम केला. आपलं सेवाशुल्क महिना अठराशे, त्याचे दहा टक्के एकशेऐंशी. आपण घेतो हजार. गेली तीन वर्षं. मालक परगावी असतात, बिल ऑनलाइन भरून टाकतात, त्यामुळे कुणी विचारत नाही. मी विचारते आहे, आणि माझं घर भाड्यानं नाही.

मुलांचा खेळ आणि वाळत घातलेले कपडे, ही कलमं त्या मानानं किरकोळ. खरं सांगायचं तर गॅलरीच्या कठड्यावरून लोंबणाऱ्या चादरी मलाही आवडत नाहीत. पावसाळ्यात मात्र चार माणसांचे कपडे दीड खोलीत कुठे वाळवायचे हे नियमावलीनं सांगितलेलं नाही, आणि गच्चीला तर मे महिन्यापासून कुलूप आहे. यंदा पहिल्यांदाच कुणाचे पापड-कुरडया गच्चीवर दिसल्या नाहीत. मुलांचं म्हणाल तर बॉल लागून गाडीची काच फुटली, त्याची भरपाई जरूर घ्या. पण 'पोडियमवर पळू नये' हे सात वर्षांच्या मुलाला लिहून देणाऱ्याला मी काय सांगू?

थकबाकीदारांची नावं फळ्यावर लावणं मात्र किरकोळ नाही. आणि त्यांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांना गेटवरच्या अ‍ॅपमधून अडवणं तर अजिबातच नाही. बी विंगमधल्या एका घरातल्या कर्त्या माणसाची नोकरी गेली आहे. कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे, कारण फळ्यावर लिहिलंय. जुलैत त्यांच्या आईला बघायला डॉक्टर आले तर गेटवर दहा मिनिटं खोळंबले. वसुली करू नका असं मी म्हणत नाही. मी सेक्रेटरी असताना स्वतः केली आहे. २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात १३-ब हे स्वतंत्र प्रकरण आलं. त्यातल्या १५४ब-२९ कलमाखाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करता येतो. तो रस्ता कागदपत्रांचा आणि चिकाटीचा आहे. माणसाचं नाव फळ्यावर लावणं त्याहून सोपं, हे मला समजतं.

शेवटची तक्रार माहितीची. १० जुलैला मी लेखी अर्ज दिला, कमिटीच्या जून महिन्याच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मिळावी म्हणून. सहकारी कायद्याच्या ३२ व्या कलमाप्रमाणे सभासदाला सर्वसाधारण सभेची आणि कमिटीचीही इतिवृत्तं विनामूल्य पाहता येतात, आणि प्रत मागितली तर शुल्क घेऊन ती महिन्याच्या आत द्यावी लागते. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. महिना उलटून गेला. मला वाटतं प्रत देता येत नाहीये, कारण इतिवृत्तच नाही. तसं असेल तर तसं सांगा, मी रागावणार नाही. आमच्याही २००४ च्या चहाचं इतिवृत्त नव्हतं.

जाता जाता एक गोष्ट. भारतातल्या अगदी पहिल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांपैकी एक गावदेवीला झाली, १९१५ साली. माझ्या जुन्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी त्यात पुढाकार घेतला होता. मुंबईत भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबांनी घरमालकाच्या मर्जीवर राहू नये, आपण सारे मिळून मालक व्हावं, हा त्यामागचा विचार. एकशेदहा वर्षं झाली त्याला. आपल्या पाचव्या मजल्यावरच्या मुली दहानंतर कारण लिहून आत येतात.

आता मागण्या. त्या सरळ आहेत आणि सगळ्या तुमच्या हातातल्या आहेत.

सातवं कलम आज काढा. ते सभेपर्यंतही थांबू नये, कारण जिना रोज चढावा लागतो. ए विंगची लहान लिफ्ट कधी दुरुस्त होणार ती तारीख फळ्यावर लिहा, थकबाकीदारांच्या यादीच्या जागी. ती यादी उतरवा, आणि गेटवर कुणाचाही पाहुणा, दूधवाला, डॉक्टर अडवणं बंद करा. बाकीची नियमावली स्थगित ठेवा. १ जुलैपासून लावलेले सगळे दंड आणि त्यावरचं व्याज मागे घ्या, फक्त माझं नाही, सगळ्यांचं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी भांडण नको म्हणून हजार रुपये मुकाट्यानं भरलेत, ते त्यांना परत मिळायला हवेत. एनओसी फी आणि दहा टक्क्यांवरचा बिनवापर आकार थांबवा, आजवर घेतलेला जादा पैसा कुठल्या खात्यात गेला त्याचा हिशेब द्या आणि पुढच्या बिलांतून वळता करा. भाडेकरूंची मुलाखत आणि 'कारण' हा रकाना रद्द करा. रजिस्टर ठेवायचंच तर ते मालकांच्या मुलांसाठीही ठेवा, मग बघू किती दिवस चालतं.

आणि विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. कायद्याच्या ७६ व्या कलमाप्रमाणे एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली तर महिन्याभरात ती बोलवावी लागते. चौऱ्याऐंशीचे एक पंचमांश म्हणजे सतरा. माझ्याकडे तेवीस सह्या आहेत. त्यात तुमच्यापैकी एका सदस्यांच्या घरातली सहीही आहे. घरी भांडू नका, घर त्यांच्या नावावर आहे. हा विषय एजीएमच्या अजेंड्यावर शेवटच्या ओळीत, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' यात ढकलू नका. तोपर्यंत वडा आलेला असतो. भाडेकरूंना मत नाही हे मान्य, पण त्या दिवशी त्यांच्यातल्या दोघांना आणि आपल्याकडे काम करणाऱ्यांपैकी दोघींना बोलू द्या. बसायला खुर्च्या द्या.

सभेत नियम मंजूर झाले तर? होऊही शकतात. मग मी हात वर करून विरोध नोंदवीन, तो इतिवृत्तात लिहून घेईन आणि निबंधकांकडे जाईन. मोर्चा काढणार नाही, मेंटेनन्सही थकवणार नाही. दंड सोडून सगळं वेळेवर भरते आहे, पुढेही भरीन.

सह्यांचा अर्ज सोमवारी संध्याकाळी सात वाजता सेक्रेटरींच्या घरी घेऊन येते. पोच द्यावी. चहा नको.

आणि उद्या सकाळी आठला मावशी येतील. मी खाली बाकावर बसलेली असेन. आम्ही दोघी मोठ्या लिफ्टनं वर येऊ. कॅमेरा चालू आहेच. दंडाची पावती मावशींच्या नावानं नको, माझ्या नावानं फाडा.

आपली,
ए विंग, सातव्या मजल्यावरची काकू